ब्रेक किती कडक ते राहू द्या, वाटलेत कसे ते सांगा

गाडी घेताना आपल्याकडे ब्रेकबद्दल एकच प्रश्न विचारतात. "ब्रेक कसे आहेत?" उत्तरही ठरलेलं. "एकदम कडक!" मग गिऱ्हाईक मोकळ्या रस्त्यावर एकदा करकचून ब्रेक मारून बघतं, गाडी थांबते, सौदा पक्का.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. ब्रेक किती जोरात लागतो यापेक्षा तो जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटलाय हे जास्त महत्त्वाचं. आणि पाच महिने पाऊस, कुठेही जायचं तर घाट, आणि डिकीत कायम काहीतरी कोंबलेलं, अशी परिस्थिती असलेल्या आम्हा रत्नागिरीकरांना तर हे पाठच असायला पाहिजे. पण नसतं. म्हणून हा वीकांत ब्रेकसाठी. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत कोड पाडणाऱ्या माणसाला कधीतरी ती डिग्री वापरल्याचं समाधान हवंच ना :-)

एसटीतला प्रयोग

एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कोणालाही फिजिक्सचा हा धडा येतो. ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळी गर्दी पुढच्यांच्या अंगावर. गाडीचंही तेच होतं. ब्रेक लागला की तिचं नाक खाली जातं, शेपूट वर येते. म्हणजे वजन तेवढंच राहतं, पण पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि मागच्यांवरचा कमी होतो. किती? वजन गुणिले ब्रेकची तीव्रता गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. बस, एवढंच सूत्र.

आकडे घालून बघू. समजा एक छोटी गाडी, माणसासकट १००० किलो. उभी असताना पुढे ६०० आणि मागे ४००. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर, व्हीलबेस २.४ मीटर. आता कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. सुमारे १८३ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे ७८३, मागे उरले २१७. तीच गाडी ओल्या रस्त्यावर ०.४ पटीच्या वर ब्रेक लावूच शकत नाही, कारण टायर धरणारच नाही. तिथे पुढे ६९२, मागे ३०८. आणि चिखलावर ०.२ पट धरलं तर ६४६ आणि ३५४.

टायर किती ब्रेक सोसेल हे त्याच्यावरच्या भारावर ठरतं. म्हणजे आदर्श वाटणी कोरड्यात ७८:२२, पावसात ६९:३१, चिखलात ६५:३५. एकच गाडी, एकच ड्रायव्हर, आणि तीन वेगळी उत्तरं! साध्या पाइपांनी जोडलेल्या हायड्रॉलिक ब्रेकला मात्र एकच उत्तर माहीत असतं. जे गुणोत्तर डिझाइन करताना ठरलं, ते ठरलं.

कोणतं चाक आधी दगा देणार?

गुणोत्तर कुठलंही ठेवा, ते एकाच परिस्थितीत शंभर टक्के बरोबर असणार. बाकी सगळीकडे एक जोडी दुसरीच्या आधी लॉक होणार. म्हणून डिझायनरला खरा प्रश्न हा ठरवावा लागतो की बिघडायचंच असेल तर कसं बिघडावं.

पुढची चाकं आधी लॉक झाली तर स्टिअरिंग मेलं. कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाणार. वाईटच, पण सरळ. ब्रेकवरचा पाय थोडा उचलला तर चाकं पुन्हा फिरायला लागतात आणि स्टिअरिंग परत येतं.

मागची आधी लॉक झाली तर गोष्ट वेगळी. लॉक झालेल्या चाकाला आडवी पकड जवळजवळ उरत नाही. पुढची चाकं अजून फिरतायत, रस्ता धरून आहेत, आणि मागचा भाग मात्र मोकळा सुटलाय. तो थेट पुढच्याला ओव्हरटेक करायला निघतो. गाडी फिरते. सरळ सपाट रस्त्यावर एखादा अनुभवी ड्रायव्हर सावरेलही. आंब्याच्या किंवा कुंभार्लीच्या वळणावर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना, सावरायला जागा कुठे आहे?

म्हणून जगभरात संकेत असा की लॉक व्हायचीच असतील तर आधी पुढची. युरोपातल्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आपल्याकडचे ब्रेकचे नियमही त्याच धर्तीचे आहेत.

पण ही सुरक्षितता फुकट मिळत नाही. वरच्याच गाडीला ७५:२५ वाटणी दिली, तर ०.६५ पटीपर्यंत पुढची आधी लॉक होतात. त्यापुढे, म्हणजे कोरड्या रस्त्यावरच्या खऱ्या इमर्जन्सीत, मागची. ते नको म्हणून ८०:२० केलं, तर कोरड्यात चिंता मिटली. पण पावसात? ओल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून आदर्श वाटणीची गाडी ३५ मीटरच्या आसपास थांबेल. ७५:२५ वाली ३९ मीटर घेईल. ८०:२० वाली ४२. (ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचं अंतर वेगळंच.) फिरण्यापासून वाचण्यासाठी आपण सहा-सात मीटर मोजले. म्हणजे जवळजवळ दोन छोट्या गाड्यांची लांबी. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ही किंमत कोण जास्त मोजतं ते सांगायला नको.

अमेरिकेतला खटला

हे सगळं कागदी गणित वाटत असेल तर एक खरी गोष्ट. जनरल मोटर्सने १९८० च्या मॉडेलवर्षासाठी 'एक्स-बॉडी' गाड्या काढल्या, शेव्हरोले सायटेशन आणि तिची भावंडं. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच, त्यामुळे मागचा भाग हलका. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं वेळेआधी लॉक होऊन गाडी फिरते, अशा तक्रारींचा ढीग पडला. १९८३ साली अमेरिकन सरकारने कंपनीवर खटला भरला. मागणी अशी की सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवा.

निकाल १९८७ साली लागला, कंपनीच्या बाजूने. १९८८ साली अपिलातही तो कायम राहिला. थोडक्यात कोर्टाचं म्हणणं असं की जोरात ब्रेक मारला तर कुठल्याही गाडीची चाकं लॉक होऊ शकतात. या गाड्या इतरांपेक्षा धोकादायक आहेत हे सरकारला सिद्ध करता आलं नाही.

कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर असेलही. मला त्यातून दुसरीच गोष्ट दिसते. पुढचा-मागचा तोल हा असा दोष आहे की तो अपघातानंतर सिद्ध करणं फार अवघड. गाडी फिरली की पोलीस लिहिणार 'वेग जास्त', नातेवाईक म्हणणार 'रस्ता खराब', आणि दोन्ही थोडंफार खरंही असणार. म्हणून तो अपघाताआधीच मोजायला हवा. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा हाच.

मग एबीएस, ईबीडी आलं ना?

आलं, आणि मनापासून स्वागत. बॉशने आपलं एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं. आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या कारना ते सक्तीचं झालं. त्याच्याच बरोबर बहुतेक गाड्यांत ईबीडी येतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ब्रेकची वाटणी.

याची आयडिया माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला भारी आवडते. चारही चाकांच्या वेगाचे सेन्सर आहेतच. मग आधी गुणोत्तर ठरवायचंच कशाला? मागच्या चाकांना ब्रेक देत राहा आणि ती पुढच्यांपेक्षा जास्त घसरायला लागली असं दिसलं की तिथेच प्रेशर रोखा. सर्व्हरवरचा लोड वाटताना आम्ही वेगळं काय करतो? कोण किती झेलतोय ते बघायचं आणि त्याप्रमाणे काम द्यायचं. रस्ता कोरडा की ओला, गाडी रिकामी की भरलेली, हे वेगळं सांगावं लागत नाही. चाकच सांगतं.

आता भरलेल्या गाडीचं बघा. एप्रिल-मे मध्ये रत्नागिरीहून मुंबई-पुण्याला निघालेली गाडी आठवा. मागच्या सीटवर तीन माणसं, डिकीत हापूसच्या चार पेट्या. पाच डझनी पेटी लाकडासकट सहज १८-२० किलोची. सगळं मिळून ३०० किलो वाढले आणि त्यातले २२० मागच्या चाकांवर पडले असं धरू. म्हणजे पुढे ६८०, मागे ६२०. मागच्या टायरांकडे आता भरपूर पकड आहे, पण जुन्या ७५:२५ वाल्या पाइपांना हे माहीतच नाही. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागची निम्मी ताकद न वापरता बसून राहतात, आणि ३५ मीटरच्या जागी ४४ मीटर लागतात. ईबीडी नेमकं हे वाया जाणारं वापरात आणतं.

पण आमचे काही मित्र म्हणतात, "आता कॉम्प्युटर आहे, आपण कशाला डोकं लावायचं?" तिथे माझा आक्षेप आहे. ईबीडी घर्षण तयार करत नाही. असलेलं वाटतं. मागच्या ड्रममधले लायनर गुळगुळीत झाले असतील, व्हील सिलिंडर गळत असेल, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर काय वाटणार? कपाळ?

आणि अजून एक. २०१९ च्या आधीच्या गाड्या काही रस्त्यावरून गायब झालेल्या नाहीत. गणपतीत चाकरमान्यांच्या रांगेत उभे राहा आणि मोजा.

जीपवाल्यांचा जुगाड

सगळ्यात जास्त काळजी मात्र मला मालवाहू पिकअपची वाटते. आंबा, जांभा चिरा, सिमेंट, मासळी, सगळं त्यातूनच जातं. रिकामी आणि भरलेली यात जमीन-अस्मानाचा फरक. त्यासाठी अशा अनेक गाड्यांच्या मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक लोक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. काम साधं. बॉडी आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक दांडी किंवा स्प्रिंग. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जाऊ देतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. मला विचाराल तर फार सुंदर डिझाइन.

आता आपण काय करतो? जास्त माल भरता यावा म्हणून कमानपाटे वाढवतो. गाडी बसत नाही म्हणून मालक खूश. पण व्हॉल्व्ह बिचारा बॉडी किती बसली यावरूनच वजन ओळखतो! बॉडी बसलीच नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडी रिकामी. म्हणजे भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक आपणच कमी केला. सगळं काम पुढच्या ब्रेकवर, तेही उतारावर.

काही ठिकाणी तर ही दांडी गंजून अडकलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली असते. वर बांधली तर मागचा ब्रेक कायम जास्त, आणि रिकाम्या परतीच्या फेरीत, पहिल्या पावसात, मागची चाकं आधी लॉक. ज्याने तार बांधली त्याला 'ब्रेक कडक' केल्याचं समाधान. च्यायला, याच शब्दाने घात केलाय.

उतारावर

घाटात अजून दोन गोष्टी जमा होतात. १५ ला १ असा उतार असेल तर नुसता वेग वाढू न देण्यातच ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा सहावा हिस्सा खर्च होतो. थांबायला उरतात पाच हिस्से.

दुसरी उष्णता. १३०० किलोची गाडी ४०० मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरली, तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता जाते तेवढ्यात साधारण १५ लिटर गार पाण्याला उकळी येईल. त्यातला तीन चतुर्थांश वाटा पुढच्या दोन डिस्कचा. पुढचे तापून ढिले पडले की तोल आपोआप मागे सरकतो, म्हणजे डिझायनरने मुद्दाम टाळलेल्या बाजूला. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. लांबूनच.

फक्त एक लक्षात ठेवा. इंजिन ज्या चाकांना ओढतं, त्याच चाकांना ते रोखतंही. बहुतेक छोट्या कारमध्ये ती पुढची. बऱ्याच पिकअपमध्ये मागची. तिथे ओल्या वळणावर झटक्यात खालचा गिअर टाकणं म्हणजे फक्त मागचा ब्रेक ओढण्यासारखंच. गिअर वळणाआधी टाका.

मग करायचं काय?

सरकारकडून माझी मागणी छोटी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी स्वयंचलित तपासणी केंद्रांची व्यवस्था आणली. तिथे गाडी रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजता येतो. छान. पण खासगी कारला फिटनेस बघायला पंधरा वर्षांनी बोलावतात, रजिस्ट्रेशन वाढवताना. तोपर्यंत मागचे ब्रेक आहेत की गेले हे कोणी बघायचं? रोलरची ती चाचणी दर दोन-तीन वर्षांनी का नको? आणि मालवाहू गाडीच्या तपासणीत कमानपाटे वाढवलेत का, व्हॉल्व्हची दांडी हलते का, हे आवर्जून बघायला काय हरकत आहे?

ड्रायव्हिंग स्कूलबद्दलही तेच. क्लच कसा सोडायचा हे पंधरा दिवस शिकवतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी काय करते हे पंधरा मिनिटंसुद्धा नाही. दुचाकीवर तर अजून "पुढचा ब्रेक मारू नको, पडशील" हेच पिढ्यान् पिढ्या चाललंय. खरं तर वर सांगितलेलं भार सरकण्याचं गणित दुचाकीला जास्तच लागू पडतं, थांबवण्याची मुख्य ताकद पुढेच असते. लोक नुसता मागचाच दाबतात हे कायद्यालाही माहीत आहे. म्हणून २०१९ पासून नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान जोडब्रेक तरी सक्तीचा आहे, म्हणजे एक दाबला की दुसराही लागतो. सवयीवर तोडगा मशीनने काढला. शिकवलं असतं तर?

आणि आपण स्वतः काय करू शकतो:

१. सर्व्हिसिंगला फक्त पुढचे पॅड बघून गाडी घेऊ नका. मागचे ड्रम उघडून दाखवायला सांगा. मेकॅनिक कुरकुर करेल. करू दे.

२. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागतोय? तो मागच्या चाकांवरच लागतो. केबल ढिली असेल किंवा मागचे लायनर झिजले असतील. फुकटची चाचणी आहे.

३. एबीएसचा पिवळा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा दोन्ही एकदम लागून राहिले तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ ईबीडीही बंद पडलं. मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. घाट चढायच्या आधी गॅरेज गाठा.

४. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे घाला. सगळे पुढे घालतात. पण पकड आधी सुटायचीच असेल तर ती पुढे सुटलेली बरी. का, ते वर आलंच आहे.

५. डिकी भरली असेल तर मागच्या टायरची हवा कंपनीने भरलेल्या गाडीसाठी दिली असेल तेवढी ठेवा, आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. ते नऊ मीटर आठवा.

असो. यातलं काहीच मी शोधून काढलेलं नाही, ऑटोमोबाइलच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण ती पुस्तकं वाचणारे वेगळे आणि भरलेली गाडी घेऊन घाट उतरणारे वेगळे, हीच तर भानगड आहे. पुढच्या वेळी कोणी "ब्रेक एकदम कडक आहेत" म्हणालं, तर फक्त एवढंच विचारा: "पुढचे की मागचे?"